बेरिओंचं ओबोसाठीचं 'सेक्वेन्झा ७' ऐकायचं कसं? की ही नुसती वादकाची कसरत आहे?

कसरत आहेच, पण नुसती नाही. दोनदा ऐकूनही सुटेसुटे आवाजच हाती लागले, असं तुम्ही लिहिलंय. माझं सांगणं एवढंच, की ओबोच्या, म्हणजे या सनईसारख्या पाश्चात्त्य फुंकवाद्याच्या, मागे धावू नका. आधी त्याच्या पाठीमागचा सूर पकडा.

लुचानो बेरिओ या इटालियन संगीतकाराने ही रचना १९६९ साली स्विस ओबोवादक हाइन्झ हॉलिगर यांच्यासाठी केली. मंचावर वादक एकटाच असतो, पण कुठूनतरी एक स्वर अखंड चालू असतो. पाश्चात्त्यांचा बी, म्हणजे पेटीवरची पांढरी सात. तो दुसऱ्या वाद्यावर धरा नाहीतर यंत्रातून सोडा. तो अगदी मंद हवा आणि कुठून येतोय ते श्रोत्यांना दिसता कामा नये. सनई-चौघड्यात एक सनईवाला नुसता सूर धरून बसतो ना, तसंच. ओबोही सनईसारखंच दुहेरी पत्तीचं, म्हणजे तोंडाशी दोन पातळ पट्ट्या असलेलं वाद्य.

पण इथे तो सूर लागला, की ओबोही आधी तोच बी घेतो आणि त्यातच रेंगाळतो. कधी जेमतेम ऐकू येईल असा, कधी दणकन. तोच स्वर पाच वेगवेगळ्या बोटांच्या ठेवणींनी निघतो. ठेवण बदलली की आवाजाचा रंग बदलतो, स्वर केसभर चढतो-उतरतो, आणि मागचा सूर हलत नसल्याने तेवढंही कानाला जाणवतं. अख्ख्या रचनेत मला ही जागा सर्वांत प्रिय आहे. एका स्वराच्या पोटात एवढं काही असतं, हे मला इथे पहिल्यांदा ऐकू आलं.

बाकीचे स्वर मग एकेक करून येतात. पुढे एकाच नळीतून दोन-तीन स्वर एकदम निघतात. ते चिरके वाटतील, पण तेव्हाही कान बीवर ठेवा. ओबो त्याच्यापासून किती लांब गेलाय ते कळत राहतं.

स्वरलिपी १३ ओळी आणि १३ रकान्यांची आहे. रकान्यांवर सेकंद दिलेत, तीनपासून उतरत एकपर्यंत. त्यामुळे ओळ ऐसपैस सुरू होते आणि शेवटाकडे दाटत जाते. श्वासाचं काम तर फारच कठीण. ओबोच्या पत्तीची फट इतकी अरुंद, की हवा कमी पडण्याऐवजी आत कोंडून राहते. ती बाहेर टाकायलाही उसंत लागते आणि ती इथे फारशी मिळत नाही. गालातली हवा फुंकत नाकाने श्वास घ्यायचं सनईवाल्यांचं तंत्र इथेही कामी येतं.

हॉलिगर यांचं ध्वनिमुद्रण ऐका, आणि इअरफोन लावून. मोबाइलच्या स्पीकरवर मागचा सूर हरवतो आणि मग खरंच सुटेसुटे आवाज उरतात. नंतर 'शमँ ४' ऐका. त्यात बेरिओंनी याच ओबोभोवती ११ तंतुवाद्यं उभी केली आहेत, आणि तिथे तो बी त्यांच्याकडे जातो.