गिअरचा 'प्रतिघात'?

प्रश्न असा आलाय : बोलेरोसारख्या, मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीच्या डिफरन्शियलची, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या जोडणीची, माहिती मराठीत लिहायची आहे. कोशात 'बॅकलॅश'ला 'प्रतिघात' सापडला. चालेल का?

नाही चालणार. एखाद्या निर्णयावर लोक उसळले तर तिथे तो शब्द कदाचित खपेल. इथे मात्र क्राऊन (मोठा गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) यांच्या दात्यांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या सैलपणाबद्दल बोलायचं आहे. तेलाचा थर मावावा, गरम होऊन दाते फुगले तरी अडकू नयेत, म्हणून तो ठेवतात.

शब्द निवडायच्या आधी तो मोजतात कसा ते बघा. डायल गेजचा, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचा, मॅग्नेटवाला स्टँड हाउसिंगला (डिफरन्शियलच्या कवचाला) चिकटवायचा, गेजचं टोक क्राऊनच्या दात्यावर, दाता ज्या दिशेने सरकतो त्या रेषेत टेकवायचं. पिनियन घट्ट धरून ठेवायचा आणि क्राऊन हाताने पुढे-मागे हलवायचा. काटा जेवढा फिरेल तेवढा बॅकलॅश. बऱ्याच गाड्यांना तो ०.१५ ते ०.२५ मिमीच्या आसपास लागतो. नेमका आकडा त्या-त्या कंपनीचा. क्राऊन फिरवून तीन-चार ठिकाणी मोजतात, कारण तो जरासा वाकडा फिरत असेल तर एका जागचं माप फसवतं. जास्त निघाला तर क्राऊन पिनियनकडे सरकवायचा, कमी निघाला तर लांब न्यायचा.

म्हणजे इथे मोजली जाते ती हालचाल. म्हणूनच 'फट' मला पटत नाही. फट फिलर गेजने, म्हणजे पातळ पट्टी आत घालून बघतात, इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळच्या टॅपेटची बघतात तशी. शिवाय एका गिअरच्या दात्याचं टोक आणि समोरच्या गिअरची खाच यांच्यातही जागा असते, ती वेगळीच. तिलाही फट म्हटलं की वाचणारा गोंधळलाच. 'ढिलाई'त दोष डोकावतो. ढिलाई दिसली की माणूस पाना शोधतो. आणि इथे सगळं आवळून टाकलं तर दाते तापतात, डिफरन्शियल घुंई करत ओरडतं आणि लवकरच कामातून जातं.

गॅरेजमध्ये 'प्ले' म्हणतात. स्टीअरिंगला प्ले, बेअरिंगला प्ले, तसाच गिअरला. इंग्रजी म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. 'खेळती हवा', 'खेळतं भांडवल' म्हणताना आपण 'खेळ'चा हाच अर्थ वापरतो : अडकून न पडता हलायला मोकळं. पण 'खेळ ०.२० मिमी ठेवा' असं छापलंत तर मेकॅनिक हसेल. त्यामुळे 'दात्यांमधला प्ले' लिहा आणि पहिल्या उल्लेखाला 'म्हणजेच बॅकलॅश' एवढं जोडा, कारण कंपनीच्या तक्त्यात त्याला तोच शब्द दिसणार आहे. नुसतं 'प्ले' मात्र नको. त्याच हाउसिंगमधल्या बेअरिंगना प्ले अजिबात चालत नाही, ती थोडी दाबूनच बसवतात. कशाचा प्ले हे दर वेळी लिहावंच लागेल.

जाता जाता : तुमच्या मसुद्यात 'गिअरचे दात' आलंय. दात तोंडातले. करवतीचे, फणीचे आणि गिअरचे दाते.