पंजा मोजण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

गुळवेलीच्या अर्काचा सूज कमी करणारा गुण रॅटच्या पंजावर सूज आणून तपासायचा, हा प्रबंधाचा विषय उत्तम आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकरांच्या गटाने याच वनस्पतीवरचं काम प्रयोगशाळेतून अवरोधजन्य (पित्ताची वाट तुंबून होणाऱ्या) काविळीच्या रुग्णांपर्यंत नेलं. औषधशास्त्र विभागाची खरी कमाई ती. प्राण्यांवरचे आकडे भक्कम असतील तरच ते पुढे रुग्णाच्या उपयोगी पडतात, आणि ते बिघडतात फार साध्या ठिकाणी.

सुरुवात वनस्पतीपासून कर. खरी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. टिनोस्पोरा सायनेन्सिस ही तिची बहीण बाजारात गुळवेल म्हणूनच विकली जाते. कॉर्डिफोलियाची पानं गुळगुळीत, सायनेन्सिसची खालून लवदार. वाळलेल्या तुकड्यांना पान नसतं, म्हणून पानांसकट ताजा वेल आण, पुण्याच्या आघारकर संस्थेत किंवा बोटॅनिकल सर्व्हेकडे ओळख पटवून घे आणि हर्बेरियमचा (वाळवून जपलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहाचा) क्रमांक प्रबंधात नोंदव. सगळा प्रयोग एकाच खेपेच्या अर्कावर व्हायला हवा.

डोसचं गणित अर्काच्या वजनावर बसव, चूर्णाच्या नव्हे. समज, माणसाचा रोजचा डोस ३ ग्रॅम चूर्ण आहे आणि चूर्णातून १२ टक्के अर्क निघतो. म्हणजे ३६० मि.ग्रॅ. अर्क, ६० किलोच्या माणसाला किलोमागे ६ मि.ग्रॅ. रॅटसाठी त्याला ६.२ ने (शरीराच्या पृष्ठभागावरून काढलेला माणूस-ते-रॅट गुणक) गुणायचं: किलोमागे सुमारे ३७ मि.ग्रॅ. हा झाला मधला डोस. त्याच्या निम्मा आणि दुप्पट असे आणखी दोन गट ठेव. अर्क ०.५ टक्के सीएमसीत (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या दाटसर द्रावणात) कालवशील तेव्हा तो तळाशी बसतो. प्रत्येक रॅटला पाजण्याआधी बाटली हलव, नाहीतर एकाच गटात कुणाला कमी, कुणाला जास्त औषध जातं. कंट्रोल गटाला नुसतं सीएमसी, तेवढ्याच आकारमानाचं.

औषध पाजल्यावर एका तासाने कॅराजीनन, म्हणजे पंजाला सूज आणणारा पदार्थ. १ टक्का, नॉर्मल सलाइनमध्ये, आदल्या दिवशी भिजवून ठेवलेलं. घाईत केलं तर गुठळ्या राहतात, सुई तुंबते, जोर लावावा लागतो आणि द्रव बाहेर झिरपतो. मागच्या उजव्या पंजाच्या तळव्यात ०.१ मि.ली., २६ गेजच्या सुईने. टोचल्यावर सुई काही सेकंद आतच धर. झिरपलेला रॅट त्याच वेळी वहीत लिहून ठेव, निकाल पाहून मग वगळायचा नाही.

सगळ्यात जास्त चूक प्लेथिस्मोमीटरवर, म्हणजे पंजा द्रवात बुडवून त्याचं आकारमान मोजणाऱ्या उपकरणावर होते. घोट्यावर पक्क्या शाईची खूण हवी. पंजा दर वेळी त्या खुणेपर्यंतच बुडाला पाहिजे; जरा खाली-वर झालं तर तो फरक औषधाचा वाटतो. टोचण्याआधीचं माप, मग १ ते ५ तास दर तासाला. दर वेळी दोनदा मोजून सरासरी. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. पिंजऱ्यांना सांकेतिक क्रमांक दुसऱ्याकडून दे.

सूज शरीरातल्याच रसायनांमुळे येते: पहिल्या दीड तासातली मुख्यतः हिस्टामीन-सिरोटोनिनची, तिसऱ्या तासानंतरची प्रोस्टाग्लँडिनची. अर्क तिसऱ्या तासाला चालला तर तसा इशारा मिळतो एवढंच. प्रोस्टाग्लँडिन मोजल्याशिवाय ते रोखलं असं लिहू नकोस. आणि तुलनेसाठीचं ठरलेलं सूजनाशक औषध इंडोमेथॅसिन (किलोमागे १० मि.ग्रॅ.) तुझ्या हातात सूज उतरवत नसेल तर अर्काच्या निकालाला अर्थ नाही, आधी हात बसव.

दर तासाला वेगळी टी-टेस्ट लावायची सवय अनेक प्रबंधांत दिसते. तीच जनावरं पुन्हा पुन्हा मोजलीत, म्हणून रिपीटेड मेझर्स अनोव्हा (त्याच जनावरांच्या वारंवार मापांसाठीची सांख्यिकी चाचणी) लाव किंवा पाच तासांच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढून गटांची तुलना कर.

गटात सहा रॅट, कारण सगळे सहाच घेतात, हे कारण समितीपुढे देऊ नकोस. नमुनासंख्येचं गणित मांड. हात बसवायला लागणारे रॅटही त्याच अर्जात माग. मंजुरीनंतर एक जरी वाढवायचा झाला तर संस्थेच्या प्राणी नीती समितीकडे पुन्हा जावं लागतं आणि तिची बैठक तुझ्या सोयीने होत नाही.

कळावे,
तुझा मार्गदर्शक