स्पॅनिश पक्कं करायला बार्सिलोना, तेही कर्ज काढून?

प्रश्न : मी २६ वर्षांची, मूळची नाशिकची. पुण्यात एका आयटी कंपनीत नोकरी करते. हातात ४२,००० पगार येतो, त्यातले १२,००० घरी देते. साडेपाच लाखांची एफडी आहे, म्युच्युअल फंडात दीड लाख आहेत. स्पॅनिशची डेले बी१ (मधल्या पातळीची) परीक्षा पास झाले आहे. बी२ ही पुढची पातळी झाली की कंपनी महिना १०,००० जास्त देते. वाचता-लिहिता येतं, पण फोनवर समोरचा भराभर बोलायला लागला की गडबडते. नोकरी सोडून सहा महिने बार्सिलोनाच्या भाषाशाळेत जावं असं मनात आहे. एजंट सात लाख खर्च सांगतो, अर्धवेळ काम करून घरभाडं सुटेल म्हणतो. वरखर्चासाठी तीन लाखांचं पर्सनल लोन घेऊ का?

उत्तर : कर्ज घेऊ नका, आणि या हिशोबावर बार्सिलोनालाही जाऊ नका. परदेशात राहून भाषा पक्की करायची तुमची इच्छा मात्र रास्त आहे, आणि आहे त्या पैशांत ती पुरी होऊ शकते. म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

आधी एजंटचा आकडा. युरो १०५ रुपयांचा धरू. २४ आठवड्यांची फी सवलतीनंतरही ३,००० युरोंच्या आसपास जाते. बार्सिलोनात दुसऱ्यांसोबतच्या फ्लॅटमधली एक खोली महिना ५५० युरो, खाणंपिणं, मेट्रो आणि फोन ४०० युरो. सहा महिन्यांचे झाले ५,७००. विमा ३०० धरला की एकूण ९,००० युरो, म्हणजे साडेनऊ लाख. विमानाचं जाऊन-येऊन तिकीट मिळवलं की दहा लाखांच्या वर. शिवाय सहा महिन्यांचा बुडालेला पगार अडीच लाख. खरी किंमत साडेबारा लाख आहे. महिना १०,००० च्या वाढीतून ती वसूल व्हायला दहा वर्षांहून जास्त लागतील.

अर्धवेळ कामाचं तर डोक्यातून काढूनच टाका. स्पेनमध्ये २० मे २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवे नियम लागू झाले. आठवड्याला ३० तास काम करण्याची मुभा विद्यापीठात शिकणाऱ्यांना आपोआप मिळते. नुसती भाषा शिकायला येणाऱ्याने ती गृहीत धरू नये. म्हणजे भाडं खिशातूनच जाणार. तीन लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता सव्वादहा हजार, आणि तो पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. नेमका तेव्हा तुमचा पगार बंद असेल.

आता भाषेचं. तुमची अडचण ऐकण्या-बोलण्याची आहे, त्यामुळे प्रत्यक्ष बोललेल्या तासाला किती रुपये पडतात हे बघा. भाषाशाळेच्या वर्गात आठ-दहा जण असतात. आठवड्याला २० तास धरले तरी २४ आठवड्यांच्या ४८० तासांतले जेमतेम ५० तुमच्या वाट्याला येतात. फ्लॅटमध्ये सोबत राहणारे बहुधा तुमच्यासारखेच बाहेरून आलेले, आणि त्यांच्याशी बोलणं इंग्रजीत होतं. त्यातून बार्सिलोनात दुकानांच्या पाट्या, शाळा, सरकारी कागद यांत कातालान ही तिथली वेगळी भाषा मोठ्या प्रमाणात वापरतात. स्पेनच हवं असेल तर ग्रॅनडा किंवा सालामांका बघा. खोली बार्सिलोनाच्या निम्म्या-पाऊण भाड्यात मिळते आणि कानावर स्पॅनिशच पडतं. तरीही सहा महिन्यांचे आठ लाखांच्या घरात जातील, म्हणून तेही आत्ता नको.

माझ्या मते पैसे देऊन शिकायचं असेल तर ग्वाटेमाला सगळ्यांत परवडतं. आंतिग्वा आणि केत्साल्तेनांगो (तिथले लोक त्याला शेला म्हणतात) इथल्या शाळांत एका शिक्षकासमोर एकच विद्यार्थी बसतो. रोज चार-पाच तास, आठवड्याचे पाच दिवस. राहणं एखाद्या स्थानिक कुटुंबात. सोमवार ते शनिवार तीन वेळचं जेवण त्यांच्याकडे, रविवारचं बहुतेक ठिकाणी आपलं आपण बघायचं असतं. जेवणात काळा घेवडा, मक्याच्या गरम तोर्तिया, अंडी, भात, तळलेली केळी असतात, त्यामुळे शाकाहारी माणसाचीही फार आबाळ होत नाही. (स्पेनमध्ये बिनमांसाचं सँडविच मागितलं तरी त्यात कधीकधी ट्यूना मासा निघतो.) आंतिग्वात पर्यटक खूप आणि इंग्रजीही खूप, म्हणून तुम्ही शेलाच निवडा. ते २,३०० मीटरांवर आहे, रात्री चांगलीच थंडी पडते, गरम कपडे न्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून घरच्या बाईंना रोज दिवसभराचं सांगावं लागतं. फोनवरच्या भराभर बोलण्याची सवय कानाला तिथेच लागते. तुमच्या कंपनीचे ग्राहक लॅटिन अमेरिकेतले असतील तर उच्चारही उपयोगाचेच कानावर पडतील.

खर्च असा. शाळा आणि घर मिळून आठवड्याला साधारण २७५ डॉलर, वरखर्च ५० डॉलर. आठ आठवड्यांचे २,६०० डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर दोन लाख चौतीस हजार. लांबचा प्रवास असल्याने तिकीट दीड लाख धरा, व्हिसा-विमा पंचवीस हजार. एकूण चार लाख दहा हजारांच्या आसपास. वर्गातले २०० तास, त्यातले निम्मे तुम्ही बोलता. बार्सिलोनात वर्गात बोललेला एक तास वीस हजारांना पडतो, इथे चार हजारांना. ग्वाटेमालासाठी आपल्याला व्हिसा लागतो, दूतावास नवी दिल्लीत आहे. विमान अमेरिकेत बदलणार असेल तर तिथला ट्रान्झिट व्हिसाही लागतो, म्हणून तिकीट काढण्याआधी मार्ग नीट बघा.

मात्र याच्याही आधी करण्यासारखं एक काम आहे. याच शाळांमधले आणि इतरही अनेक शिक्षक ऑनलाइन शिकवतात, तासाला दहा-बारा डॉलर घेतात. आपल्याकडे रात्रीचे साडेसात वाजतात तेव्हा ग्वाटेमालात सकाळचे आठ झालेले असतात, त्यामुळे ऑफिसनंतर सहज जमतं. आठवड्यातून तीन तास असे आठ महिने केले की १०० तास होतात आणि खर्च एक लाखाच्या आसपास राहतो. नोकरी चालू, घरचे पैसे चालू. तुमचं बी१ झालेलं आहे, तेव्हा एवढ्या सरावावर बी२ च्या परीक्षेला बसता येईल. पास झालात तर महिना १०,००० लगेच सुरू होतात आणि शिकवणीचा खर्च दहा महिन्यांत भरून निघतो.

आता तुमच्या वयाच्या मुलांना मी आवर्जून सांगतो ती वाट. स्पेनचं शिक्षण मंत्रालय दरवर्षी ‘आउक्सिलियारेस दे कॉन्व्हेर्सासियॉन’ म्हणजे सरकारी शाळांत इंग्रजी बोलायला मदत करणारे साहाय्यक नेमतं. त्यात भारतीयांसाठीही मोजक्या जागा असतात. आठवड्याला १२ ते १६ तास काम, ऑक्टोबर ते मे, भत्ता प्रदेशानुसार महिना ८०० ते १,००० युरो. मंत्रालयामार्फत नेमणूक झाली तर आरोग्य विमाही मिळतो. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला भरायचे असतात. हाएन किंवा कासेरेससारख्या लहान शहरात नेमणूक झाली तर ८०० युरोंत महिना निभतो. ठिकाण आपल्या हातात नसतं, पसंती तेवढी कळवता येते.

इथे एक अडचण आहे. शाळेत तुम्हाला ठेवलेलं असतं इंग्रजी बोलायला. स्पॅनिश दुपारनंतर स्वतः मिळवावं लागतं. त्यासाठी ‘एस्कुएला ओफिसियाल दे इदियोमास’ या सरकारी भाषाशाळा आहेत, त्यांची वर्षाची फी खासगी शाळेच्या मानाने नगण्य असते. राहायला स्थानिक मुलींसोबतच खोली शोधा, भारतीयांचा ग्रुप नको. इथे एकदम कडक राहा, नाहीतर आठ महिने इंग्रजी-हिंदीत निघून जातात.

आता पैशांची मांडणी. एफडीतले दीड लाख बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका. परत आल्यावर नोकरी मिळेपर्यंत ते पुरतील. म्युच्युअल फंड तसाच राहू द्या. उरलेल्या चार लाखांत साहाय्यकाचं काम मिळालं तर सगळं बसतं. तिकीट आणि व्हिसा एक लाख, पदवीवर अपोस्टिल (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून सरकारी शिक्का), पोलीस दाखला आणि स्पॅनिश भाषांतरं यांना तीस-चाळीस हजार. पहिला भत्ता बऱ्याचदा उशिरा मिळतो, म्हणून दोन महिन्यांचा खर्च दीड लाख. घरच्या १२,००० चे आठ महिन्यांचे ९६,००० आईच्या खात्यात आधीच टाकून ठेवा. त्या भत्त्यातून घरी पाठवायला काही उरणार नाही, हे घरच्यांशी आत्ताच बोलून घ्या.

साहाय्यकाची जागा नाही मिळाली तर बी२ नंतरची वाढ वर्षभर आरडीत टाका आणि ती रक्कम व एफडीतले उरलेले पैसे मिळून ग्वाटेमालाला जा. कंपनीकडे दोन महिन्यांची बिनपगारी रजा मागून बघा. त्यांना तुमचं स्पॅनिश हवंच आहे, तेव्हा मागायला संकोच करू नका. ही सहल पगारवाढीच्या हिशोबात बसवायची गरज नाही. परदेशात राहून बघायची हौस आहे, तिच्यासाठी साठवलेला पैसा आहे, तर खुशाल जा.

पैसे पाठवताना शाळेला थेट बँकेतून पाठवा. एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंतच्या अशा रकमेवर टीसीएस (पैसे घेतानाच वसूल होणारा कर) लागत नाही. एजंटने टूर पॅकेज म्हणून बिल केलं तर पहिल्या रुपयापासून लागतो. तिकडे रोजच्या खर्चाला फॉरेक्स कार्ड वापरा, साध्या क्रेडिट कार्डावर तीन-साडेतीन टक्के वर जातात. आणि व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर बसेपर्यंत राजीनामा देऊ नका. एजंटला आगाऊ रक्कम दिली असेल तर किती दिली आणि पावतीवर काय लिहिलंय ते मला कळवा, परत कशी मागायची ते सांगतो.