नुसते व्हिडिओ नकोत, मग काय?

प्रश्न: मुलगी सातवीत आहे, सारखं ‘असं का’ विचारते. स्वतः करून बघता येईल अशी वेबसाइट आहे का?

उत्तर: आधी फेट (PhET) ही विज्ञानाचे प्रयोग स्क्रीनवर करून बघायची वेबसाइट उघडून द्या. नोबेलवाले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेली, एकदम फुकट, आणि बरीच सिम्युलेशन्स (म्हणजे असे स्क्रीनवरचे प्रयोग) मराठीतही आहेत. सर्किटवालं घ्या, वायर ओढून बॅटरीला बल्ब जोडला की आतले इलेक्ट्रॉन निळ्या गोळ्यांसारखे सरकताना दिसतात, आणि बल्ब न लावता नुसती वायर जोडून शॉर्ट केलं तर बॅटरीतून चक्क ज्वाळा निघतात (मुलं हे मुद्दाम करतात, करू द्या!). गणितासाठी जिओजेब्रा, आकाशासाठी स्टेलेरियम. तिथे तिच्या जन्माच्या रात्रीची तारीख टाकून बघा. आणि हो, शेजारी बसून उत्तर सांगू नका.