जिम्नीचे रेडियस आर्म घरी बसवता येतील का?

तुमचा प्रश्न असा : पाच दारांच्या जिम्नीला दोन इंच उंच स्प्रिंग टाकल्यापासून हायवेला गाडी भरकटते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. आता कास्टर करेक्शनचे, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन (कास्टर) परत आणणारे पुढचे रेडियस आर्म मागवलेत, ते घरी बसवता येतील का?

येतील. मी माझ्या गाडीचे घरीच बसवलेत. फक्त सपाट सिमेंटची जमीन, दोन भक्कम जॅक स्टँड, दोन जॅक आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच कसणारा पाना) हवा. यातलं एक जरी नसेल तर गॅरेजला द्या.

आधी भरकटण्याचं कारण. जिम्नीला पुढेही अखंड, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच ॲक्सल आहे. दोन बाजूंचे दोन रेडियस आर्म त्याला चेसिसशी जोडतात : ॲक्सलवर प्रत्येकी दोन बोल्ट, मागे चेसिसला एक. गाडी उचलली की आर्मचं मागचं टोक वर जातं आणि ॲक्सल स्वतःभोवती फिरतो. आर्मची लांबी मोजून बघा. समजा ६० सेंमी निघाली, तर ५ सेंमी उंचीने ॲक्सल जवळजवळ ५ अंश फिरला. तेवढा कास्टर गेला, आणि चाक सरळ ठेवतो तो कास्टरच. पण स्टिअरिंग थडथडत असेल, हातात जोरात हलत असेल, तर आर्मवर पैसे घालण्याआधी किंगपिन बेअरिंग (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ते), लॅटरल रॉडचे (ॲक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, आणि टायरचं बॅलन्सिंग तपासा. नवे आर्म ते दुखणं बरं करत नाहीत. तुमची लक्षणं मात्र कास्टरचीच वाटतात. अलाइनमेंटवाल्याकडून आत्ताच्या कास्टरचा प्रिंट घेऊन ठेवा.

जुना आर्म काढला की नव्याशेजारी ठेवून भोकांमधलं अंतर, बुशची रुंदी आणि डावा-उजवा कोणता हे बघा. वेल्डिंग नीट निरखा. कच्चं वाटलं तर परत पाठवा, हा भाग रस्त्यात तुटून चालत नाही. बुश वेगळे आले असतील तर घरी हातोड्याने ठोकू नका. लेथवाल्याकडे प्रेस असतो, तो दाबून देतो.

मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा, चेसिस स्टँडवर घ्या, ॲक्सलखाली जॅक ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, ते सतत बघत राहा. कोकणातल्या किनाऱ्यावर गाडी फिरवली असेल तर बोल्ट बुशच्या नळीत गंजून धरलेले असू शकतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा. बोल्ट ठोकून काढायचा असेल तर नट शेवटच्या आट्यापर्यंत ठेवून ठोका, म्हणजे आटे वाचतात.

आता सगळ्यात अवघड जागा. दोन्ही आर्म एकदम काढू नका, ॲक्सल मोकळा झुलायला लागतो. आणि एका बाजूचा नवा आर्म लगेच पूर्ण बसवायला जाल तर तोही बसत नाही, कारण दुसरीकडचा जुना आर्म ॲक्सलला जुन्याच कोनात धरून असतो. म्हणून पहिल्या बाजूला चेसिसचा बोल्ट आणि ॲक्सलचा एकच बोल्ट घाला, तेही सैल. मग दुसऱ्या बाजूचा जुना काढून नवा तसाच अडकवा. आता डिफरन्शियलच्या (ॲक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याच्या) मागच्या तोंडाजवळ दुसरा जॅक लावा आणि तो हळूहळू वर-खाली करून ॲक्सल फिरवा. भोकं समोरासमोर आली की उरलेले दोन बोल्ट हाताने आत जातात. जात नसतील तर ठोकू नका, जॅक थोडा हलवा. ॲक्सल पुढे-मागे सरकवायला रॅचेट पट्टा कामी येतो. इथे घाई करणारे बोल्टचे आटे खराब करतात.

बोल्ट हवेत कसू नका. गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-चारदा दाबून हलवा, स्प्रिंग बसू द्या, आणि मगच टॉर्क रेंच लावा. रबरी बुश आतल्या नळीला चिकटवलेला असतो, नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं. ॲक्सल लटकत असताना कसलात तर गाडी उतरताच ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गॅरेजमध्येही ही चूक सर्रास होते, गाडी लिफ्टवर असतानाच कसून देतात. म्हणून हे काम स्वतः करावं असं मला मनापासून वाटतं. टॉर्कचे आकडे वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, आर्मसोबत कागद आला असेल तर त्यातले. कसलेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ मारा, आणि १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) बुश असतील तर सोबतचं ग्रीस लावायला विसरू नका. पण माझा कल रबराकडेच आहे. या रचनेत गाडी एका बाजूला कलली की आर्मचे बुशच पिळले जातात, आणि कडक बुशांमुळे खडकात चाक मोकळं खाली जात नाही.

नंतर अलाइनमेंट करा. टो (वरून पाहता पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) जुळवता येतो, स्टिअरिंग व्हील मधोमध आणता येतं. कास्टर तिथे बदलत नाही, फक्त वाचता येतो, तो आधीच्या प्रिंटशी ताडून बघा. पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा (पुढच्या ॲक्सलला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) कोनही बदललेला असतो, तेव्हा मातीच्या रस्त्यावर ४एच (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) लावून थरथर येते का ते पाहा.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. विमा कंपनीला गाडी उंच केल्याबद्दल लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. जुने आर्म, बोल्टसकट, भंगारात देऊ नका. गाडी विकताना किंवा पासिंगला मूळ स्थितीत आणायची झाली तर तेच लागतील.