सोलापुरात बी.एड. करताना शिकवले जाणारे समतेचे विषय प्रत्यक्ष वर्गात उपयोगी पडतात का?

सोलापूर विद्यापीठातून बी.एड. करू की पुण्याला जाऊ, आणि समावेशक शाळा, लिंगभाव वगैरे पेपरांचा शाळेत खरंच उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय. पुण्याला जायची काही गरज नाही. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं तेव्हा हे पेपर एन.सी.टी.ई.च्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) आराखड्यातूनच आले, ते इथं आहेत तसे तिथंही आहेत. फरक पडतो तो आंतरवासितेला, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवायच्या सरावाला, शाळा कुठली मिळते आणि पाठ बघायला मागच्या बाकावर कोण बसतं यानं.

आंतरवासितेला मला मिळालेली शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली होती. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि कितीतरी मुलांच्या आया विड्या वळणाऱ्या. माझीही आई वळायची. मांडीवर सूप, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापलेली पानं, आणि रात्री विड्यांची तोंडं दुमडायला आम्ही बहिणी. सकाळी वर्गात डुलक्या घेणारी पोरगी आळशी नसते, हे मला पेपरातून कळायची गरज नव्हती.

सहावीला शेकडेवारीचा पाठ होता. पुस्तकातली उदाहरणं नफा-तोट्याची, दुकानातल्या सवलतीची. मी फळ्यावर लिहिलं: आईनं १००० विड्या नेऊन दिल्या, तपासणीत ६० खराब म्हणून काढल्या, तर शेकडा किती गेल्या? उत्तर लगेच आलं, पण वर्ग तिथं थांबेना. एक म्हणाली, मजुरी ९४० चीच मिळते, पानं मात्र हजाराची जातात, कमी पडली तर पदरचे पैसे घालून आणावी लागतात. असं म्हणत तिनं पानांचा खर्चही गणितात धरला. दुसरीनं विचारलं, काढलेल्या विड्या परत देत नाहीत, मग त्या जातात कुठं?

निरीक्षण वहीत शेरा आला: "तंबाखूचे उदाहरण अयोग्य. पाठ्यपुस्तकातील उदाहरणे घ्यावीत." शेरा लिहिणारे सर आणि समावेशक शाळेचा पेपर आम्हाला शिकवणारे सर एकच. मी तेव्हा तोंडावर बोलले, आजही तेच म्हणते. विडी ओढा असं मी कुणाला सांगत नव्हते, घराचा हिशेब करायला शिकवत होते. जिच्या वह्या त्या मजुरीतून येतात तिच्या आईचं काम वर्गात नावही घेण्यासारखं नाही, असं ठरवणारे समतेवर काय शिकवणार?

आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकं मुलांच्या मातृभाषेत आणली, क्यूआर कोड जोडले. शिक्षण हक्क कायद्याचं २९ वं कलमही शक्यतो मातृभाषेतून शिकवा असंच सांगतं. डिसले गुरुजींचं उदाहरणही सरांना दिलं असतं, पण माझी बी.एड. त्या पुरस्काराच्या आधीची.

सगळेच प्राध्यापक तसे नसतात, आमच्याच एका मॅडमनी तो पाठ पुन्हा घ्यायला लावला आणि स्वतः येऊन बसल्या. नोकरीचं मात्र वेगळं आहे. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (अभियोग्यता चाचणी), पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) हे चुकत नाही, आणि नुसतीच बारावी झाली असेल तर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही बघा.

आंतरवासितेला महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा मागून घ्या. पाठाच्या टाचणात त्या वस्तीतली उदाहरणं घाला, आणि कुणी खोडायला सांगितलं तर कारण लेखी मागा.