रिपोर्ट येईपर्यंत

सोलापूर

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. मानेतली गाठ काढून तपासायला दिल्यापासून तू धड जेवत नाहीस, रात्री मोबाईलवर वाचत बसतेस, असं ती सांगत होती. “रिपोर्टला आठ-दहा दिवस म्हणतात, म्हणजे काहीतरी निघालंच असणार,” हे तुझं बोलणंही कळलं. माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये अशाच गाठींवर काम करण्यात गेली, म्हणून याचं उत्तर मीच देते.

उशीर म्हणजे वाईट बातमी नव्हे. गाठ आधी फॉर्मालिनमध्ये मुरावी लागते. घाई केली तर पेशींचा आकार बिघडतो. मग अल्कोहोलमधून तिच्यातलं पाणी काढायचं, झायलीनमधून न्यायची, वितळलेल्या मेणात बसवायची. त्या मेणाच्या ठोकळ्याचे 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचा, रंगवायचा: पेशींची केंद्रकं निळी, बाकीचं गुलाबी. एवढं झाल्यावर डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यातही लसिका ग्रंथी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पेशींची ही छोटी गाठ, वाचायला अवघड. साध्या संसर्गानेही तिच्यातल्या पेशी इतक्या भराभर वाढतात की कधीकधी लिम्फोमाचा, म्हणजे या ग्रंथींच्या कॅन्सरचा, भास होतो. शंका राहिली तर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात, म्हणजे खास रंगांनी पेशींची ओळख पटवतात, त्याला आणखी दिवस जातात. त्या चाचणीने कॅन्सर ठरतो, तसंच कॅन्सर नाही हेही ठरतं. म्हणून आठाचे पंधरा दिवस झाले तरी त्यातून काही अर्थ काढू नकोस.

‘काही होत नाही गं’ म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. भीती खरी आहे, ती मनात दाबू नकोस. पण भीतीने एकच नाव धरून ठेवलंय, आणि गाठीची कारणं पुष्कळ असतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. तसंच किडलेल्या दाताने, घशाच्या दुखण्याने, डोक्यातल्या फोडांनी मानेत गाठी येतात. आणि आपल्या देशात टीबी विसरून चालत नाही. जुनी माणसं गंडमाळ म्हणायची ती बहुतेकदा टीबीचीच. म्हणून डॉक्टरांना एक विचार: गाठीचा एक भाग सलाइनमध्ये वेगळा ठेवून टीबीच्या तपासणीला पाठवला होता का? फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होत नाही. तसा पाठवला नसेल तरी घाबरू नकोस, टीबीच्या खुणा काचेवरही दिसतात.

दुसऱ्या बाजूची मान सारखी चाचपू नकोस. दाबून दाबून ती जागा दुखायला लागते आणि तू आणखी घाबरतेस. त्यापेक्षा संध्याकाळी ताप मोजून वहीत लिही, आठवड्याला वजन कर. रात्रीचा घाम डॉक्टर विचारतील, तो उन्हाळ्यातला सोलापुरी घाम नव्हे. पंखा चालू असताना कपडे बदलावे लागतील इतका आला तर लिही. शेक, लेप नकोत, आणि सूज उतरावी म्हणून कुणी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या तर अजिबात नकोत. पुन्हा नमुना घ्यायची वेळ आली, तर त्यांनी लिम्फोमा झाकला जाऊ शकतो. श्वास कोंडला, गिळता येईना, चेहरा सुजला किंवा टाक्यांतून पू आला, तर मात्र रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ.

आणि समजा, लिम्फोमा निघालाच. तुझ्या वयात हॉजकिन लिम्फोमा आढळतो, आणि तो पुरेशा उपचारांनी बहुतेकांचा बरा होतो, शरीरात पसरलेला असला तरीही. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यात आहे. दुसरं मत हवं असेल तर तुझ्या गाठीचा तो मेणाचा ठोकळा आणि काचा लॅबमधून मागून परळच्या टाटाला नेता येतात. ठोकळा वर्षानुवर्षं टिकतो. त्यासाठी लॅबचा नंबर असलेली पावती जपून ठेव. खर्चाचं महात्मा फुले योजनेखाली काय होतं, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारायचं.

दिवसभर घरात कोंडून घेऊ नकोस. उन्हं उतरली की तळ्यापर्यंत जाऊन ये, आल्यावर भाकरी आणि शेंगाचटणी का होईना, पण पोटभर खा. नातेवाइकांपैकी कुणाला सांगायचं ते तू ठरव. चौकशीचे फोन आई घेईल.

रिपोर्ट शनिवारी तयार होणार आणि डॉक्टर सोमवारी भेटणार असं असेल, तर तो सोमवारी सकाळीच घे. त्यातले शब्द घेऊन रविवार एकटीने काढू नये. मी सोबत येईन. वेळ ठरली की कळव.

तुझी,
मावशी